हाताच्या खुणांनी ड्रोन-नियंत्रण

हाताच्या खुणांनी ड्रोन-नियंत्रण : रिमोट किंवा मोबाइल न वापरता तळहात, बोटे किंवा दंड यांच्या हालचालींनी लहान ड्रोनला उड्डाण, सरकणे, छायाचित्र घेणे, उतरणे अशा आज्ञा देण्याची पद्धत. यात हात ड्रोन उडवत नाही. तोल सांभाळणे, चारही मोटरींचा वेग सतत कमी-जास्त करणे आणि एका जागी तरंगत राहणे ही कामे ड्रोनमधला उड्डाण-नियंत्रक स्वतःच करतो. पुढे काय हवे आहे एवढेच खूण त्याला सांगते. म्हणून खूण ओळखायला अर्धा सेकंद लागला तरी ड्रोन पडत नाही, मात्र तेवढा वेळ तो आधीच्या आज्ञेनुसार सरकत राहतो. अपघात होतात ते बहुधा याच विलंबामुळे, आणि हात दिसेनासा झाल्यावर ड्रोनने काय करायचे हे आधी ठरवलेले नसल्यामुळे.

पद्धतीचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात ड्रोनवरचा कॅमेरा आणि ड्रोनमधलाच संगणक खूण ओळखतात. दुसऱ्यात चित्र लॅपटॉपवर येते, ओळख तिथे होते आणि आज्ञा वाय-फायने परत जाते. तिसऱ्यात कॅमेरा नसतोच; हातमोज्यावर बसवलेला संवेदक हाताचा कल मोजतो.

ग्राहकांच्या ड्रोनमध्ये ही सोय डीजेआय कंपनीच्या मॅव्हिक प्रो (२०१६) या मॉडेलपासून ठळकपणे दिसू लागली. त्यात मोबाइलवरून आधी ठरावीक पर्याय निवडावा लागे. मग हात वर करून ड्रोनचे लक्ष वेधायचे आणि बोटांची चौकट करून छायाचित्र घ्यायला सांगायचे. मोबाइलशिवाय, केवळ हातांवर सगळे उड्डाण करता येईल असा दावा त्याच कंपनीच्या, मे २०१७ मध्ये जाहीर झालेल्या स्पार्कने केला. त्याचे वजन ३०० ग्रॅम, बॅटरी १४८० मिलिअँपिअर-तासांची आणि उड्डाणाचा वेळ जास्तीत जास्त १६ मिनिटे. कॅमेऱ्याखेरीज त्याच्या पुढच्या भागात अंतर मोजणारा त्रिमितीय संवेदक होता. जानेवारी २०१८ मधल्या ४३० ग्रॅमच्या मॅव्हिक एअरने खूण ओळखण्याचे अंतर ६ मीटरपर्यंत नेले. मात्र २०१९ च्या २४९ ग्रॅमच्या मॅव्हिक मिनीत खुणांची सोय ठेवली नव्हती. २०२४ च्या निओमध्ये (१३५ ग्रॅम) तळहातावरून उड्डाण परतले, पण तिथे काय करायचे हे ड्रोनवरच्या बटणाने ठरवतात. हा बदल समजूतदार म्हणावा लागेल, कारण बटणाची आज्ञा संदिग्ध नसते.

स्पार्क चालवण्याचा क्रम असा. बॅटरी सुरू करून ड्रोन स्थिर होऊ द्यायचा. हात सरळ लांब करून तो तळहातावर ठेवायचा, कॅमेऱ्याचे तोंड आपल्या चेहऱ्याकडे, आणि बोटे ड्रोनच्या कडेच्या खाली. मागचे बटण दोनदा दाबले की तो चेहरा शोधतो. चेहरा सापडल्यावर पाती फिरू लागतात आणि ड्रोन हातावरून उचलला जातो. चेहऱ्यावर उजेड नसेल, उन्हात टोपीची सावली पडली असेल किंवा सूर्य पाठीशी असेल तर पाती फिरतच नाहीत. अशा वेळी बटण पुन्हापुन्हा दाबण्यापेक्षा स्वतः वळून उजेडाकडे तोंड करावे. ड्रोन हवेत स्थिरावला की त्याच्यासमोर उघडा तळहात धरायचा. तळहात सापडल्याचे ड्रोनच्या पुढच्या भुजांवरचे हिरवे दिवे सांगतात. मग तळहात सावकाश जिकडे न्यावा तिकडे तो सरकतो. हात हलवून निरोप दिला की तो मागे व वर जाऊन माणसाच्या मागे येऊ लागतो, बोटांची चौकट केली की छायाचित्र घेतो आणि दोन्ही हात वर तिरके उंचावले की परत येतो. शेवटी तळहात त्याच्या खाली धरला की तो हातावर उतरतो. नवख्याची नेहमीची चूक घाई ही असते: तळहात झटकन हलवला की तो कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जातो, ड्रोन जागीच थांबतो, आणि माणसाला वाटते की यंत्र ऐकत नाही.

स्वतः बांधण्याची पद्धत : अभियांत्रिकीच्या विद्यार्थी-प्रकल्पांत या कामासाठी पुष्कळदा वापरला जाणारा ड्रोन म्हणजे २०१८ मधला राइझ कंपनीचा टेलो. वजन ८० ग्रॅम, बॅटरी ११०० मिलिअँपिअर-तासांची, कागदावर १३ मिनिटांचे उड्डाण. व्हिडिओ चालू ठेवून सारख्या आज्ञा दिल्या तर हा वेळ कमी होतो. तो स्वतःचे वाय-फाय उभे करतो आणि १९२.१६८.१०.१ या पत्त्यावर साध्या मजकुराच्या आज्ञा घेतो. आज्ञांचे पोर्ट (माहितीच्या ये-जा करण्याचे क्रमांकित दार) ८८८९, बॅटरी व उंची यांची माहिती ८८९० वर, व्हिडिओ १११११ वर. लॅपटॉप टेलोच्या वाय-फायला जोडला की इंटरनेट तुटते, म्हणून पायथन ही प्रोग्रामची भाषा आणि ओपनसीव्ही (चित्रे हाताळणारे), मीडियापाइप (हात ओळखणारे) व डीजेआयटेलोपाय (टेलोला आज्ञा पाठवणारे) ही सॉफ्टवेअर आधीच उतरवून ठेवावीत. टेलो उडतो पण चित्र येत नाही, अशी तक्रार असेल तर आधी विंडोजचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी माहिती रोखणारी सुरक्षा-व्यवस्था, पाहावा. तो बहुधा शेवटची दोन पोर्ट अडवत असतो. व्हिडिओ सुरू होताना पहिल्या काही क्षणांत पडद्यावर येणाऱ्या त्रुटींच्या ओळींकडे मात्र दुर्लक्ष करावे. पूर्ण चौकट (व्हिडिओतले एक चित्र) येईपर्यंत त्या येतातच.

गूगलचे मीडियापाइप दोन टप्प्यांत हात ओळखते. आधी तळहात शोधणारे मॉडेल, मग त्या कापलेल्या भागावर २१ बिंदू बसवणारे दुसरे. बिंदू ० मनगट, ४ अंगठ्याचे टोक, ८ तर्जनीचे टोक, २० करंगळीचे टोक. बोट सरळ आहे का हे ठरवायला बहुतेक जण टोकाची उंची मधल्या सांध्याच्या उंचीशी ताडून पाहतात. तर्जनीसाठी ८ आणि ६. हात उभा असेपर्यंत हे ठीक चालते, आडवा झाला की उत्तर चुकते. टोक ते मनगट आणि सांधा ते मनगट ही दोन अंतरे ताडली तर हात कसाही वळला तरी फारसा फरक पडत नाही. डावा-उजवा हात सांगताना मीडियापाइप चित्र आरशासारखे उलटे आहे असे धरते. ड्रोनचे चित्र तसे नसते, त्यामुळे नावे अदलाबदल होऊन येतात आणि अंगठ्याचा नियम उलटा पडतो. रंगांचा क्रम हा आणखी एक सापळा. ओपनसीव्ही निळा-हिरवा-लाल असा क्रम मानते, मीडियापाइपला लाल-हिरवा-निळा लागतो आणि डीजेआयटेलोपायच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत हा क्रम सारखा नाही. पडद्यावर चेहरा निळसर दिसला की कारण इथेच असते.

अंतराचे गणित आधी करून पाहावे. टेलोच्या कॅमेऱ्याचा कोन कर्णावर ८२.६ अंश आहे आणि चित्र ९६० बाय ७२० बिंदूंचे (पिक्सेलचे). यावरून २ मीटरवर चौकटीची रुंदी सुमारे २.८ मीटर येते. साडेआठ सेंटिमीटर रुंद तळहात तिथे २९ बिंदूंएवढा उरतो. तळहात शोधणारे मॉडेल मात्र चित्र १९२ बिंदूंपर्यंत लहान करून पाहते. म्हणजे २९ चे सहाच राहतात. दोन-अडीच मीटरपलीकडे ओळख एकाएकी ढासळते ती यामुळे. उजेड वाढवून किंवा महागडा लॅपटॉप घेऊन ती सुधारत नाही. उपाय म्हणजे आधी चेहरा किंवा धड शोधून त्याच्या आसपासचा भाग कापायचा आणि तेवढाच भाग हात ओळखायला द्यायचा. नाहीतर खुणा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढे कराव्यात. हात तिथे जवळ असतो, पण उडवणाऱ्याचे डोळे ड्रोनवरून पडद्याकडे वळतात, हा त्याचा तोटा.

खुणा किती ठेवाव्यात? पाच-सहापेक्षा जास्त नकोत. निवड करताना दिसायला सोपी खूण शोधण्यापेक्षा ती चुकून ओळखली गेली तर काय होईल हे पाहावे. उघडा तळहात म्हणजे थांब. अंगठा वर म्हणजे वर, अंगठा खाली म्हणजे खाली. लांबचा किंवा पुसट तळहात पुष्कळदा मुठीसारखा दिसतो, म्हणून मुठीला उतरण्याची आज्ञा द्यावी. चूक झालीच तर ड्रोन जमिनीवर येईल, इतकेच. माणसाकडे येण्याची आज्ञा मात्र सहजासहजी न होणाऱ्या खुणेला द्यावी, उदाहरणार्थ तर्जनी आणि करंगळी सरळ व बाकीची बोटे मिटलेली. उड्डाणाची आज्ञा खुणेला न देता कळफलकावरच ठेवलेली बरी. एकच खूण लागोपाठ १० चौकटींपैकी ७ मध्ये दिसली तरच ती मानावी. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर यात तिसरा हिस्सा सेकंद जातो; व्हिडिओचा उशीर धरून एकूण विलंब अर्ध्या सेकंदाच्या पुढे जातो. ताशी १.८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर वेगाने येणारा टेलो ०.६ सेकंदात ३० सेंटिमीटर पुढे आलेला असतो. ड्रोन चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आल्यावर थांबण्याची खूण करून उपयोग नाही, तो याच हिशेबाने.

टेलोला आज्ञा देण्याचे दोन मार्ग आहेत. 'वर २० सेंटिमीटर' यांसारखी आज्ञा (२० ही किमान, ५०० ही कमाल) पूर्ण होईपर्यंत प्रोग्राम उत्तराची वाट पाहत अडकतो आणि त्या वेळात नव्या खुणा बघतच नाही. आरसी नावाच्या आज्ञेत डावे-उजवे, पुढे-मागे, वर-खाली आणि वळण असे चार आकडे उणे १०० ते १०० या पट्ट्यात सतत पाठवता येतात. खुणांसाठी हाच मार्ग योग्य. सुरुवात २० ते ३० या आकड्यांनी करावी. इथला धोका असा की नवा आकडा येईपर्यंत टेलो जुन्याच आकड्यावर चालत राहतो. म्हणून हात अर्धा सेकंद दिसला नाही की चारही शून्य पाठवावीत आणि दहा सेकंद दिसला नाही की उतरवावे. आज्ञाच येणे थांबले तर टेलो १५ सेकंदांनी आपणहून उतरतो, पण त्या १५ सेकंदांवर विसंबू नये. कळफलकाची एक कळ उतरण्यासाठी राखून ठेवावी. 'इमर्जन्सी' ही आज्ञा वेगळी असून तिने मोटरी जागीच बंद होतात आणि ड्रोन दगडासारखा खाली येतो.

लॅपटॉप मंद असेल तर चौकटी रांगेत साठतात आणि पाहता पाहता विलंब दोन-तीन सेकंदांवर जातो. प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या वेगळ्या भागात (थ्रेडमध्ये) फक्त शेवटची चौकट ठेवून बाकीच्या टाकून द्याव्यात. बैठ्या चाचणीत टेलो जमिनीवर सुरू ठेवून तासभर प्रोग्राम दुरुस्त करणेही टाळावे. त्याचा गारवा पात्यांच्या वाऱ्यावर अवलंबून असल्याने तो तापतो आणि बंद पडतो.

जागेची तयारी : टेलो जमिनीकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यावर स्थिर राहतो. चकचकीत, एकरंगी फरशीवर त्याला धरायला खूण सापडत नाही आणि तो वाहवत जातो. नक्षीची सतरंजी किंवा वर्तमानपत्रे अंथरली की हा त्रास बहुतांशी संपतो. छताचा पंखा बंद असलाच पाहिजे. वर जाण्याची खूण एकदा जास्त वेळ ओळखली गेली तर नुकसान तिथेच होते. खिडकी उडवणाऱ्याच्या पाठीमागे नको, नाहीतर हात काळा दिसतो. पात्यांची संरक्षक कडी काढू नये. बाहेर, विशेषतः कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर, टेलो नेण्यात अर्थ नाही: त्याला जीपीएस नाही, हलत्या लाटांवर खालचा कॅमेरा फसतो, वारा ८० ग्रॅम सहज उडवून नेतो आणि वाळू मोटरींत शिरते.

हातमोज्याची पद्धत : ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा नियंत्रक) आणि एमपीयू-६०५० हा सहा अक्षांचा संवेदक मोज्याच्या पाठीवर बसवून थेट टेलोच्या वाय-फायला जोडता येतो, लॅपटॉप लागत नाही. हात पुढे झुकवला की पुढे, बाजूला कलला की त्या बाजूला. कल काढताना संवेदकातल्या गायरोला (वळण्याचा वेग मोजणारा) ०.९८ आणि त्वरणमापकाला ०.०२ एवढे वजन देऊन दोन्ही मापे एकत्र करणारा पूरक फिल्टर पुरतो. मधला १० अंशांचा पट्टा मृत ठेवावा, म्हणजे तेवढ्या कलावर आज्ञा जाऊ देऊ नये, कारण हात कधीच पूर्ण सपाट राहत नाही, आणि ३५ अंशांवर कमाल आकडा बांधावा. संवेदकात होकायंत्र नसल्याने आडव्या वळणाचे माप हळूहळू भरकटते. वळण्यासाठी वेगळे बटण द्यावे. अंगठा व तर्जनीच्या टोकांवर तांब्याच्या पट्ट्या लावून त्या एकमेकींना टेकलेल्या असतील तेव्हाच आज्ञा जातील अशी सोय केली, तर घाबरून बोटे सुटली तरी ड्रोन थांबतो. उजेड, अंतर, पाठीमागची गर्दी यांचा या पद्धतीवर परिणाम होत नाही. दिसायला ती कमी चमत्कारिक आहे, विश्वासार्हतेत मात्र कॅमेऱ्याच्या वरचढ.

भारतातील नियम : २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन 'नॅनो' आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचे 'मायक्रो' गटात येतात. टेलो पहिल्या गटात, तर ३०० ग्रॅमचा स्पार्क दुसऱ्या. नॅनोला आणि बिगर-व्यावसायिक वापराच्या मायक्रोला चालक परवाना लागत नाही. त्रयस्थ विमा (इतरांच्या नुकसानीचा) मात्र मायक्रोला लागू आहे. परवानगीच्या गरजेनुसार ठरवलेले हिरवा, पिवळा व लाल असे हवाई विभाग डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर दिसतात. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी असून संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी अपवाद आहेत. सुट्या भागांना बंदी नाही. मुंबईत विमानतळ व नौदलाच्या हद्दींखेरीज पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेशही वेळोवेळी निघतात आणि त्यांत वजनाची सूट गृहीत धरता येत नाही. बाहेर उडवण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला आदेश पाहावा लागतो.