गावच्या जुन्या वास्तूंच्या लाकडी प्रतिकृती

अमेरिकेतल्या लहान शहरांमध्ये तिथल्या जुन्या, नावाजलेल्या इमारतींची तळहातावर मावतील एवढी लाकडी रूपे करून विकण्याची प्रथा आहे. कोर्टाची इमारत, रेल्वे स्थानक, सार्वजनिक वाचनालय, चर्च, नाट्यगृह, नदीवरचा छप्पर असलेला लाकडी पूल अशी एकेक वास्तू घेऊन संच वाढत जातो आणि घराघरांत तो वर्षानुवर्षे जमवला जातो. शोभेची वस्तू म्हणून या प्रतिकृती विकत घेतल्या जातात, पण त्यांचे खरे मोल स्थानिक इतिहासाची नोंद म्हणून आहे. आपल्या गावातले काय लक्षात ठेवायचे, हे त्या गावाने कधी आणि कसे ठरवले, ते या प्रतिकृतींवरून कळते.

नेहमीची प्रतिकृती म्हणजे पाऊण इंच जाडीची फळी. कसल्याही आधाराशिवाय ती तळकडेवर उभी राहते, त्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर, पुस्तकांच्या पुढ्यात, दाराच्या चौकटीवर कुठेही ठेवता येते. समोर इमारतीचा दर्शनी भाग छापलेला असतो: भिंत, खिडक्या, पायऱ्या, दुकानाची पाटी, कधी अंगणातले झाड. वरची कड छपराच्या रेषेबरहुकूम कापलेली असते, म्हणजे त्रिकोणी माथा, धुराडी, घड्याळाचा मनोरा हे सगळे आकारातच येते. बाजूच्या कडा एका गडद रंगात रंगवतात. मागची बाजू सपाट, आणि तिच्यावर मजकूर. प्रमाणाचा हिशेब कुणी ठेवत नाही. तीन मजली कोर्ट आणि एका खोलीची शाळा शेल्फवर जवळपास एकाच उंचीची दिसतात, आणि तेच या कलेला शोभते. माणसाचे चित्र काढताना चेहरा घेतात, तसा इथे इमारतीचा चेहरा घेतलेला असतो.

लाकडात गाव मांडण्याची हौस यापेक्षा बरीच जुनी आहे. जर्मनीतल्या एर्त्सगेबिर्गे या डोंगराळ भागात, विशेषतः झायफेन या गावी, खाणींचे उत्पन्न आटल्यावर लोक लाकडी खेळण्यांकडे वळले. छोटी घरे, झाडे, जनावरे पातळ लाकडाच्या डब्यांत भरून परदेशी जाऊ लागली. पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम हे गाव १७४१ साली वसवणारे मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाचे लोक नाताळात ‘पुट्झ’ मांडत. येशूजन्माच्या देखाव्याभोवती हळूहळू अख्खे गाव उभे राही. छापलेला दर्शनी भाग लाकडावर आणण्याची युक्ती १९व्या शतकाच्या अखेरीस ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट येथील ब्लिस या खेळणी कंपनीने चांगलीच रुळवली. तिची बाहुलीघरे म्हणजे लाकडावर चिकटवलेले रंगीत छापील कागद. आजच्या प्रतिकृतीचे सर्वांत जवळचे नाते मला याच बाहुलीघरांशी दिसते.

मात्र काल्पनिक गाव मागे पडून स्वतःचे खरे गाव फळीवर आले ते वारसाजतनाच्या चळवळीमुळे. न्यू यॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडायला १९६३ साली सुरुवात झाली आणि देशभर हळहळ व्यक्त झाली. १९६६ साली राष्ट्रीय वारसाजतन कायदा आला आणि ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. १९७६ मधल्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीने गावोगावच्या इतिहास मंडळांना उभारी दिली. पुढच्याच वर्षी नॅशनल ट्रस्ट या वारसाजतनाच्या संस्थेने इलिनॉयमधील गेल्सबर्ग, साउथ डकोटातील हॉट स्प्रिंग्ज आणि इंडियानातील मॅडिसन या तीन ठिकाणी ‘मेन स्ट्रीट’ प्रकल्प हाती घेतला. ओस पडू लागलेल्या मुख्य बाजाररस्त्यांना पुन्हा जाग आणणे हा त्याचा हेतू. शहराबाहेरच्या मॉलमुळे जुनी दुकाने बंद होत होती, आणि १९७१ मध्ये देशभरची प्रवासी रेल्वेसेवा चालवणारी अ‍ॅमट्रॅक सुरू होताना कितीतरी लहान स्थानकांवरची प्रवासी गाडी कायमची थांबली होती. जे डोळ्यांदेखत जात होते, त्याची आठवण घरात असावी असे लोकांना वाटू लागले होते.

या मागणीतून व्यवसाय उभा राहिला. ओहायो राज्यातल्या वूस्टर या गावी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कॅट्स मिआव व्हिलेज’ ही मालिका सुरू झाली. तिच्या प्रत्येक इमारतीवर कुठेतरी कॅस्पर नावाचे काळे मांजर बसलेले असते, आणि नवी प्रतिकृती घरी आली की मुले आधी ते मांजर शोधतात. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये ‘शीलाज’ या नावाने निघालेल्या लाकडी घरांत तिथल्या ‘रेनबो रो’ची तेरा रंगीत घरे आली. ‘डिपार्टमेंट ५६’ या कंपनीने १९७६ पासून काढलेली, आत दिवा लागणाऱ्या घरांची गावे चिनी मातीची आणि बहुतांशी कल्पित, म्हणून त्यांचा प्रवाह वेगळा धरावा.

प्रतिकृतीचा आराखडा बहुधा एका छायाचित्रावरून सुरू होतो, पण चांगला चित्रकार तेवढ्यावर थांबत नाही. १९३३ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातली मोजमापासहित रेखाटने लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सर्वांसाठी खुली आहेत. १८६७ पासून आगविम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे तर या कामाला वरदानच: त्यांत विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी आणि दगडी निळी रंगवलेली असते. कृष्णधवल फोटोत भिंत लाकडी फळ्यांची की रंग दिलेल्या विटांची, हा प्रश्न पडला तर नकाशावरच्या एका रंगाने तो सुटतो. मग काय गाळायचे ते ठरते. प्रत्येक वीट काढली तर एवढ्याशा जागेत नुसता काळा डाग पडेल. म्हणून कोपऱ्यात आणि कमानीखाली दोन-चार विटा दाखवून बाकीची भिंत रंगावर सोडतात. खिडकीच्या काचांची वाटणी मात्र मोजून घ्यावी. वरच्या झडपेत सहा काचा होत्या की दोन, यावरून इमारतीचा काळ ओळखणारे लोक गावात असतात, आणि चूक झाली तर पहिल्याच दिवशी ते सांगायला येतात.

लाकूड पाइन, बासवूड किंवा हल्ली बऱ्याचदा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. पाइनमध्ये लाकडाची रेषा, म्हणजे तंतू, कुठल्या दिशेला आहे हे आधी पाहावे लागते. रेषा उभी ठेवली तर चर्चचा निमुळता मनोरा टिकतो, पण बाहेर आलेली वळचण पटकन तुटते. आडवी ठेवली तर नेमके उलटे. म्हणून कसलेला कारागीर मनोऱ्याच्या बाजूला एखादे झाड छापून घेतो आणि त्या झाडाचे लाकूड मनोऱ्याला टेकू देते. एमडीएफला रेषा नसल्याने ही अडचण येत नाही, पण ओल लागली की तळ फुगतो आणि इमारत डुगडुगते. छपाई स्क्रीनची, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून केलेली असेल तर प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. फिके रंग आधी, गडद नंतर आणि काळी रेघ सर्वांत शेवटी. जाळी केसभर सरकली तरी खिडक्या चौकटीबाहेर जातात. अलीकडे लेझरने कोरलेल्या प्रतिकृती पुष्कळ निघतात. त्यांच्या कडा जळून तपकिरी होतात आणि पॉलिश पेपरने घासल्या नाहीत तर बोटाला काजळी लागते. त्यांत बारकावा जास्त असतो खरा, पण रंग गेल्याने गावची ओळखही थोडी जाते असे माझे मत आहे. लाल स्थानक लालच हवे.

प्रतिकृती काढणारी संस्था बहुधा स्थानिकच: इतिहास मंडळ, वाचनालयाचे मित्रमंडळ, व्यापारी संघटना, शाळेची पालक संघटना. कारखान्याकडून ठरावीक नग करून घ्यायचे, नाताळाआधी स्वयंसेवकांनी विकायचे आणि नफा छप्पर दुरुस्तीला किंवा वस्तुसंग्रहालयाला द्यायचा, अशी रीत आहे. दरवर्षी एक इमारत. पहिला मान कोर्टाला मिळतो. देशात तीन हजारांवर कौंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि जिथे कौंटीचे मुख्य ठाणे, तिथे चौकातले कोर्ट हाच गावाचा चेहरा. मग कार्नेगी वाचनालय. पोलाद उद्योजक अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून देशात सुमारे १,७०० वाचनालये उभी राहिली, त्यातली बरीच लहान गावांत.

या निवडीत एक उणीव राहते आणि ती मला खुपते. नक्षीदार माथा, स्तंभ, मनोरा असलेली इमारत फळीवर खुलते. साधी, एकमजली, बिननक्षीची इमारत मागे पडते. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योजक ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या प्रयत्नांतून १९३२ पर्यंत पाच हजारांहून अधिक शाळा-इमारती बांधल्या गेल्या. त्यांचे सौंदर्य वर्गात उजेड आणणाऱ्या उंच खिडक्यांच्या रांगेत आहे. ज्या गावात अशी शाळा होती, तिथल्या संचात ती असलीच पाहिजे.

मागचा मजकूर चार-पाच ओळींचा असतो: नाव, बांधल्याचे साल, कुणी बांधले, पुढे काय काय झाले, शेवटी प्रतिकृती काढल्याचे वर्ष. ‘आधी बँक, मग औषधाचे दुकान, आता रिकामी’ एवढ्या एका ओळीत रस्त्याचा पन्नास वर्षांचा इतिहास येतो. इमारत नंतर पाडली गेली किंवा जळाली तर कित्येक घरांत तिचा हाच एक रंगीत पुरावा उरतो. म्हणून मागचे लेबल खरवडू नये, पाण्याने पुसू नये. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी आणि थेट उन्हात ठेवू नये, कारण लाल आणि पिवळा रंग लवकर विटतो.

छपाई बंद केलेल्या नमुन्यांना एकेकाळी संग्राहकांत चांगला भाव होता. १९९५ मध्ये ईबे हे इंटरनेटवरचे लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाल्यावर दुर्मीळ वाटणारे नग घरोघरी पडून असल्याचे उघड झाले आणि तो उतरला. कायद्याची फारशी आडकाठी नाही: १ डिसेंबर १९९०पूर्वी बांधून झालेल्या इमारतींच्या वास्तुरचनेला तिथे स्वामित्वहक्क लागू नाही. ज्या छायाचित्रावरून चित्र काढले त्याचा आणि पाटीवरच्या व्यापारचिन्हाचा हक्क मात्र वेगळा असू शकतो.

लेबल गेलेली प्रतिकृती समोर आली तर तिच्यात दाखवलेला काळ चित्रातूनच काढावा लागतो. दुकानापुढचे कापडी छत, नाट्यगृहाची पाटी, पायऱ्यांशेजारी नंतर बांधलेला व्हीलचेअरचा उतार, वीज पडून गेलेला मनोरा चित्रात आहे की नाही, हे जुन्या फोटोंशी ताडून पाहावे. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना दाखवावी. मनोरा कोणत्या साली पडला हे त्यांना तोंडपाठ असते.