चाळीस दिवसांची कुआरेन्तेना आणि परमुलखातली बाळंतीण

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस ‘कुआरेन्तेना’ म्हणून पाळतात. आपल्याकडच्या सव्वा महिन्यासारखंच. पोट बांधायचं, डोकं झाकायचं, गार पाण्यात हात घालायचा नाही. कोंबडीचा गरम रस्सा आणि ‘आतोले’ ही मक्याची पेज प्यायची. स्पॅनिश लोकांबरोबर आलेलं उष्ण-शीत वैद्यक आणि मूळ रहिवाशांच्या बाळंतिणीला वाफ देण्याच्या रीती यात मिसळून गेल्या आहेत.

ही प्रथा चालते ती आई, सासू, बहिणी हाताशी असतात म्हणून. 1942 ते 1964 या काळातल्या ब्रासेरो करारानं, म्हणजे मेक्सिकोतून तात्पुरते मजूर आणण्याच्या करारानं, अमेरिकेत आले ते शेतमजूर पुरुष. 1986च्या कायद्यानं लाखोंना रीतसर वास्तव्य मिळालं, मग बायका-मुलं येऊ लागली. आया आणि सासवा मात्र बहुतेक गावीच राहिल्या. अमेरिकेच्या 1993च्या रजा कायद्यानं बारा आठवडे दिले, तेही बिनपगारी, आणि पन्नासहून कमी कामगारांच्या खासगी ठिकाणी तेवढेही नाहीत. घरकाम करणारी बाई चाळीस दिवस कशी बसणार?

समजुती मात्र सोबत आल्या. आईनं सोसायचं, येशूच्या आईसारखं, मरियेसारखं. या आदर्शाला अभ्यासक एव्हलिन स्टीव्हन्स यांनी 1973 साली ‘मारियानिस्मो’ म्हटलं. संताप किंवा दुःख अंगावरच्या दुधात उतरतं आणि बाळाला बाधतं, असंही अनेक घरांत मानतात. मग रडू आलं तरी बाई ते गिळते. फार झालं तर ‘नेर्व्हिओस’, म्हणजे जिवाची घालमेल, झालेत म्हणते, आणि ‘एचाले गानास’, नेट लाव, असं उत्तर ऐकते.

त्यात कागदपत्रांची धास्ती. कॅलिफोर्नियात मतदारांनी मंजूर केलेल्या 1994च्या ‘प्रस्ताव 187’नं कागदपत्रं नसलेल्यांचे तातडीचे सोडून बाकी सरकारी उपचार बंद करायचं ठरवलं होतं. न्यायालयानं तो अडवला, पण दवाखान्याची भीती उरली. म्हणून बाळंतपणानंतरच्या नैराश्यात या बायका मदत घेत नाहीत याचं खापर नुसत्या ‘संस्कृती’वर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. प्रथेनं निदान बाळंतिणीला आधार लागतो हे ओळखलं होतं.

बाळंतिणीचं नैराश्य तपासायची एडिंबरा प्रश्नावली 1987 साली आली. सर्व बाळंतिणींची तपासणी करा, अशी अमेरिकी तज्ज्ञगटाची शिफारस 2016 साली. सॅन फ्रान्सिस्कोत मानसशास्त्रज्ञ रिकार्डो मुन्योस आणि सहकाऱ्यांनी ‘मामास इ बेबेस’ (आया आणि बाळं) हा नैराश्य टाळायला शिकवणारा वर्ग स्पॅनिश बोलणाऱ्या गरोदर बायकांसाठीही घडवला. 2019 साली त्याच तज्ज्ञगटानं नैराश्य टाळणाऱ्या समुपदेशनात त्याचा नावानिशी दाखला दिला.