डोळ्यापुढची नळी आणि नाकावरचा कॅमेरा

हेल्मेटपुढे दोन नळकांडी लटकलेली असोत की एका डोळ्यासमोर छोटीशी काच, बघणारा दोन्हींना सरसकट 'नाइट व्हिजन' म्हणतो. मला हा घोळ खटकतो, कारण हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला ही दोन साधनं वेगवेगळ्या ठिकाणी चकवतात.

नळकांडी म्हणजे नाइट व्हिजन गॉगल. चांदण्यांचा जो काही उजेड असेल तो ते हजारो पटींनी वाढवतात. ढगाळ अमावास्येला वाढवायलाच काही नसतं, मग चित्रात मुंग्या येतात. दिसतं दोन्ही डोळ्यांना, पण 40 अंशांच्या गोलापुरतं. उघड्या डोळ्यांना आडवं जवळपास 200 अंश दिसतं. म्हणून मान सतत फिरवायची, तीही पुढे लटकलेल्या वजनासकट. तोल साधायला हेल्मेटच्या मागे आणखी वजन लावतात, म्हणजे मानेवरचा भार वाढतोच. अंतराचा अंदाज चुकतो. विजेच्या तारा तर बहुधा दिसतच नाहीत. खांब दिसला की तार आहेच असं धरून चालायचं.

अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या उजव्या डोळ्यासमोरची काच मात्र स्वतः काहीच बघत नाही. तो नुसता पडदा. बघतो तो हेलिकॉप्टरच्या नाकावरचा, डोकं वळेल तसा वळणारा थर्मल कॅमेरा. त्याला उजेड नको, तापमानातला फरक हवा; पहाटे-संध्याकाळी जमीन आणि वस्तू सारख्याच तापमानाला आल्या की चित्र फिकं पडतं. ही उष्णता कॉकपिटच्या काचेतून आत येत नाही, म्हणून कॅमेरा बाहेर. खरी गोम इथेच आहे. तो वैमानिकाच्या डोळ्यांपेक्षा सुमारे 3 मीटर पुढे आणि 1 मीटर खाली असतो. बाजूच्या झाडापासून आपण किती लांब आहोत हे जोखताना दृश्य असतं कॅमेऱ्याच्या जागेवरून, शरीर बसलेलं असतं मागे. अधांतरी स्थिर राहताना हा फरक फार महाग पडू शकतो. त्यात उजव्या डोळ्याला चित्र आणि डाव्याला अंधार, अशी मेंदूत चढाओढ. काही वैमानिक तेवढ्यापुरता एक डोळा मिटूनच घेतात.

वेग, उंची, दिशा पडद्यावरच दिसल्याने मान खाली घालावी लागत नाही, हा मोठाच फायदा. पण आकड्यांवर नजर खिळली की त्यांच्यामागचं दृश्य निसटतं. हल्ली असे आकडे गॉगललाही जोडता येतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. तरी आकडे जोडलेला गॉगल वैमानिकाच्या स्वतःच्या जागेवरूनच बघत असतो.