अनिश्चिततेचे तत्त्व आणि निरीक्षणाचा परिणाम

आपल्या नुसत्या पाहण्यानेच जग बदलते, ही कल्पना पुंजयामिकीवर, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या भौतिकशास्त्रावर, कविता लिहिणाऱ्यांना फार भुरळ घालते. ती बहुधा अनिश्चिततेचे तत्त्व मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या नावावर खपवली जाते आणि तिथेच गफलत होते. कारण निरीक्षणाने वस्तू विचलित होणे वेगळे आणि अनिश्चिततेचे तत्त्व वेगळे.

पहिल्या गोष्टीसाठी पुंजयामिकी लागतही नाही. टायरमधल्या हवेचा दाब मोजायला गेज लावला की थोडी हवा निसटतेच. गेज सुधारला तर कमी निसटेल. पण मोजण्याआधी आत काही एक ठरावीक दाब होता, याबद्दल कोणाला शंका नसते.

अनिश्चिततेत नेमका हा आधारच सुटतो. इलेक्ट्रॉनचे वर्णन तरंगाने करावे लागते आणि त्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) तरंगलांबीशी बांधलेला असतो. तो तरंग लहानशा जागेत आवळायचा, तर निरनिराळ्या लांबीचे अनेक तरंग एकत्र मिसळावे लागतात. म्हणजे स्थान जितके नेमके होत जाते, तितका संवेग पसरत जातो. या दोन पसाऱ्यांच्या गुणाकाराला प्लांकच्या स्थिरांकाने (पुंजयामिकीतल्या एका अतिशय लहान, ठरावीक संख्येने) घातलेली किमान मर्यादा भौतिकशास्त्रज्ञ केनार्ड यांनी १९२७ मध्ये गणिताने सिद्ध केली, आणि त्या सिद्धतेत निरीक्षकाचे नावही नाही.

कवींना फार दोष देता येत नाही, कारण घोटाळ्याची सुरुवात खुद्द हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या लेखातच आहे. गॅमा किरणांच्या कल्पित सूक्ष्मदर्शकाखाली इलेक्ट्रॉनला फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणाचा, धक्का बसतो, असे चित्र त्यांनी रंगवले होते. नुसत्या धक्क्याने भागत नाही, तो किती बसला हेच ठरवता येत नाही आणि त्याचे कारण प्रकाशाच्या तरंगरूपात आहे, असे भौतिकशास्त्रज्ञ बोर यांनी दाखवल्यावर हायझेनबर्ग यांनी लेखाला पुरवणी जोडली.

कोणी पाहत नसतानाही अनिश्चितता काय करते, हे हीलियममध्ये दिसते. १९०८ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे भौतिकशास्त्रज्ञ कामर्लिंग ओन्नेस यांनी तो द्रवरूप केला, पण कितीही थंड केला तरी गोठेना. त्याचे अणू हलके आणि त्यांची परस्परांवरील ओढ क्षीण. त्यांना जागच्या जागी बांधू पाहावे, तर संवेगाचा पसारा आणि त्याबरोबर ऊर्जा इतकी वाढते की ती ओढ अपुरी पडते. म्हणून निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे नीचतम शक्य तापमानाच्या, अगदी जवळही त्याला गोठवायला सुमारे २५ वातावरणांइतका दाब द्यावा लागतो. असा दाब देऊन केसोम यांनी घन हीलियम मिळवला तो १९२६ मध्ये, म्हणजे हायझेनबर्ग यांचा लेख येण्याच्या आदल्याच वर्षी.