व्हेक्टर चित्राचे त्रिमितीय रूपांतर

सपाट व्हेक्टर चित्रातील आकारांना खोली देऊन ॲनिमेशनसाठी त्रिमितीय मॉडेल तयार करण्याची प्रक्रिया. बोधचिन्हे, शीर्षकांची अक्षरे, आयकॉन आणि साधी पात्रे यांसाठी ती सर्रास वापरली जाते.

व्हेक्टर चित्रात पिक्सेल नसतात. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची गणिती माहिती असते. यातल्या बहुतेक वक्ररेषा बेझिए पद्धतीच्या, म्हणजे मोजक्या नियंत्रण बिंदूंनी वळण ठरणाऱ्या. मोटारींच्या बाह्यांगाचे आरेखन करताना सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये आणि रेनोमध्ये पिअर बेझिए यांनी १९६० च्या दशकात, स्वतंत्रपणे, या वक्रांवर काम केले. म्हणजे मुळात ही रेषा घन वस्तूसाठीच घडली होती. चित्रांच्या देवाणघेवाणीसाठी एसव्हीजी (स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स) हे स्वरूप २००१ पासून प्रमाण आहे. ब्लेंडरसारखी त्रिमितीय सॉफ्टवेअर ते थेट उघडतात.

सर्वांत सोपी रीत एक्स्ट्रूडची : बंद आकार एका दिशेने ओढून त्याला जाडी द्यायची, मग बेव्हलने कडा किंचित गोलावायच्या. बेव्हल नसेल तर कडेवर प्रकाश पकडला जात नाही आणि मॉडेल पुठ्ठा कापल्यासारखे दिसते. बाटली, दिवा यांसारख्या वस्तूंची अर्धी बाह्यरेषा अक्षाभोवती फिरवतात. बाह्यरेषेवरून फुगीर आकार आपोआप बनवण्याचे तंत्र ताकेओ इगाराशी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘टेडी’ या प्रणालीत मांडले.

खरे कष्ट मात्र त्याआधीचे, चित्र साफ करण्याचे. नुसत्या स्ट्रोकला, म्हणजे जाडी दिलेल्या रेषेला, पृष्ठभाग नसतो, म्हणून त्याचे बाह्यरेषेत रूपांतर करावे लागते. पाथ (आकाराची रेषा) उघडा राहिला तर आकार भरत नाही. देवनागरीत आणखी एक अडचण येते. शब्दाचे आउटलाइन केले की प्रत्येक अक्षर सुटे होते आणि शेजारच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या राहतात. सपाट चित्रात हे कळतही नाही. एक्स्ट्रूड केल्यावर दोन पृष्ठभाग नेमके एकाच पातळीवर येतात, आणि कॅमेरा हलला की तिथे लुकलुक दिसू लागते. बेव्हल दिला तर अखंड शिरोरेषेवर सांधे उमटतात. उपाय एकच : आधी सगळे आकार ‘युनियन’ने एकसंध करायचे. मात्र ‘क’ किंवा ‘ठ’ची पोकळी त्यात बुजली नाही ना, हे तपासायलाच हवे.

पुढे वक्र मेशमध्ये, म्हणजे छोट्या पॉलिगॉनच्या (बहुभुजांच्या) जाळीत, बदलतात. अनावश्यक बिंदू आधीच काढले नाहीत तर पॉलिगॉन भरमसाट वाढतात. फिरणाऱ्या बोधचिन्हाला त्रिकोणी मेश चालते. पण वाकणाऱ्या पात्राला चौकोनी पॉलिगॉनची सलग जाळी लागते, नाहीतर रिग केल्यावर (हालचालीसाठी आत सांगाडा बसवल्यावर) कोपर आणि गुडघ्याशी पृष्ठभाग चुरगळतो.

पाठीमागची बाजू, नाकाची उंची, केसांची जाडी यांपैकी काहीच मूळ चित्रात नसते. तो निर्णय कलाकाराचा, आणि कोणतेही बटण तो घेत नाही. सपाट शैली टिकवायची असल्यास समांतर प्रक्षेपाचा (दूरची वस्तू लहान न दाखवणारा) कॅमेरा आणि छटाविरहित रंग वापरतात. मग पात्र वळेपर्यंत त्याची खोली जाणवतही नाही.