रेकॉर्डिंग अटकतं: एन्कोडर मागे पडला की डिस्क?

जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली, विंडोज नव्याने टाकलं, गेम आता चुटकीसरशी उघडतो. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ मात्र दर दोन-चार सेकंदांनी हिसका खातो. नागपुरात असा पीसी कुणी दाखवायला आणला की पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, एसएसडीच खराब निघाली वाटते, रेकॉर्डिंग अटकून राहिली." नवी वस्तू एकच, म्हणून संशयितही एकच. पण ज्या दिवशी डिस्क बदलली त्याच दिवशी विंडोजही बदललं, ड्रायव्हरही गेले आणि ओबीएसच्या (ज्यावर रेकॉर्डिंग करतो ते सॉफ्टवेअर) सेटिंगही गेल्या. हे कुणी हिशेबात धरत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये दोन कामं एकामागून एक चालतात. पहिलं काम म्हणजे पडद्यावरचं चित्र उचलायचं आणि दाबून लहान करायचं. दाबणाऱ्या भागाला एन्कोडर म्हणतात; तो ग्राफिक्स कार्डात असतो, नाहीतर ते काम प्रोसेसर करतो. दुसरं म्हणजे तयार झालेला डेटा डिस्कवर लिहायचा. दोन्हींपैकी कोणतंही तुंबलं तरी बघणाऱ्याला दिसतं तेच: चित्र अटकतं आणि मग उडी मारतं. इलाज मात्र अगदी वेगळे आहेत, आणि चुकीच्या इलाजाला चार-पाच हजार रुपये सहज लागतात.

त्याआधी एक तपासणी, जी बहुतेक जण करत नाहीत. फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा, अटकते त्या जागी थांबवा आणि 'ई'चं बटण एकेकदा दाबत जा. प्रत्येक दाबेला एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, पुढे सरकते. सात-आठ वेळा दाबूनही चित्र जसंच्या तसं राहिलं आणि मग एकदम उडी मारली, तर त्या फ्रेम फाइलमध्ये नाहीतच. प्रत्येक दाबेला गेममधली बंदूक थोडी थोडी हलत असेल, तर फाइल निरोगी आहे आणि अटकतं ते दाखवताना. नव्या विंडोजवर ग्राफिक्स ड्रायव्हर नसेल तर एचईव्हीसी किंवा एव्हीवन पद्धतीने दाबलेली फाइल उलगडण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर येतं, आणि तो धापा टाकतो. अशा वेळी डिस्कही निर्दोष, एन्कोडरही निर्दोष.

फाइलच खराब असेल तर आधी कागदावर गणित करा. ५० मेगाबिट प्रतिसेकंद हा १०८०पी रेकॉर्डिंगसाठी चांगला सढळ बिटरेट (सेकंदाला साठणारा डेटा) झाला. त्याला आठने भागा: सेकंदाला ६.२५ एमबी. तासाला साधारण साडेबावीस जीबी. सात-आठ वर्षं जुनी साधी हार्ड डिस्कसुद्धा सलग लिहिताना शंभर एमबीच्या पुढे जाते, आणि साटा (केबलने जोडायची) एसएसडी पाचशेच्या आसपास. म्हणजे डिस्कला हे काम खरं तर फारच हलकं आहे. माझा अनुभव विचाराल तर मी दोष आधी एन्कोडरकडे शोधतो. अपवाद बिनदाब रेकॉर्डिंगचा. १०८०पीला ६० फ्रेम काहीही न दाबता साठवायच्या म्हटल्या तर सेकंदाला ३७० एमबीच्या वर जातं, आणि तिथे हार्ड डिस्क हात टेकते. ओबीएसमध्ये लॉसलेस निवडून ठेवलं नाही ना, एवढं बघून घ्या.

आता ओबीएसच्या मेन्यूतून स्टॅट्सची खिडकी उघडा आणि दहा मिनिटं खेळा. तिथे दोन ओळी आहेत. 'रेंडरिंग लॅग'मुळे हुकलेल्या फ्रेम म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेममध्ये इतकं गुंतलंय की ओबीएसला चित्र जुळवायला वेळच मिळत नाही. ६० फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. कार्ड ९९ टक्क्यांवर पळत असेल तर त्यातली ओबीएसच्या वाट्याला उरतात किती? गेमचा फ्रेमरेट ६० किंवा ७५ ला बांधून टाका, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

दुसरी ओळ 'एन्कोडिंग लॅग'ची, आणि खरी गफलत इथेच होते. नाव वाचून वाटतं की दोष एन्कोडरचाच. बहुतेकदा असतोही. पण डिस्क लिहायला अडली की मागची रांग तुंबत तुंबत एन्कोडरपर्यंत पोचू शकते, आणि मग डिस्कचं पाप एन्कोडरच्या नावावर जमा होतं. म्हणून नुसता आकडा बघून निकाल देऊ नये. दोघांना वेगळं करायची एक युक्ती आहे.

रेट कंट्रोल सीबीआरवर ठेवा, म्हणजे बिटरेट तुम्ही सांगाल तेवढाच राहील. आधी रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट आहे तसा ठेवून बिटरेट ६०,००० केबीपीएस (म्हणजे ६० मेगाबिट) वरून १०,००० वर आणा. यात डिस्कचं ओझं सहा पटींनी उतरतं. एन्कोडरला मात्र तेवढ्याच फ्रेम तेवढ्याच आकाराच्या दाबायच्या आहेत, त्याचं काम फारसं कमी होत नाही. रेकॉर्डिंग सुधारलं तर बोट डिस्ककडे जातं. मग उलट करा: बिटरेट पुन्हा ६०,००० आणि रिझोल्यूशन ७२०पी. आता डिस्कला तेवढंच लिहायचंय, पण एन्कोडरचं काम निम्म्याहून कमी झालं. या खेपेला सुधारलं तर डिस्क निर्दोष सुटली. चित्र कसं दिसतं याकडे लक्ष देऊ नका, घाणच दिसेल. बघायचंय ते फक्त अटकतं का.

दोष एन्कोडरकडे निघाला तर कारण बहुतेकदा साधं असतं. नव्या विंडोजवर ग्राफिक्स ड्रायव्हर टाकायच्या आधीच ओबीएस टाकलं. त्या वेळी कार्डातला एन्कोडर त्याला दिसलाच नाही, म्हणून त्याने एक्स२६४ धरला, म्हणजे सगळं काम प्रोसेसरवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' लिहिलेलं दिसलं तर दुखणं तिथेच आहे. ड्रायव्हर टाका, मग ओबीएसच्या आउटपुटमध्ये जाऊन एनव्हेंक (एनव्हिडियाचा), एएमडीचा किंवा क्विक सिंकचा (इंटेलचा) एन्कोडर हाताने निवडा. तो आपोआप बदलेल अशी आशा ठेवू नका. बायोस रिसेट झालं असेल तर रॅमचं एक्सएमपीही (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद पडलेलं असतं, तेही चालू करून घ्या.

डिस्ककडे निघाला तर मात्र थोडं खोदावं लागतं. रेकॉर्डिंग चालू असताना टास्क मॅनेजरमधला त्या डिस्कचा 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' बघा. एसएसडीला तो एक-दोन मिलिसेकंदांच्या आसपास राहायला हवा; शेकड्यांत उड्या मारत असेल तर काहीतरी गडबड आहे. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये कोण काय लिहितंय तेही दिसतं. तिथे अँटिव्हायरस तुमचीच रेकॉर्डिंगची एमकेव्ही फाइल तपासत बसलेला किंवा वनड्राइव्ह व्हिडिओचं फोल्डर वर चढवत बसलेला सापडतो.

मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. एनव्हीएमई (थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी) असेल तर 'ट्रान्सफर मोड'मध्ये दोन गोष्टी शेजारीशेजारी लिहिलेल्या असतात: सध्या कितीवर चाललंय आणि जास्तीत जास्त किती जमतं. दोन्ही सारख्या नसतील तर स्लॉट चुकला असेल किंवा मदरबोर्डच जुन्या पिढीचा असेल. साटा असेल तर सी७ ची ओळ शोधा, सीआरसी एररची, म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांची. आज बघा, दोन दिवसांनी पुन्हा बघा. आकडा वाढला असेल तर एसएसडी परत करायला बर्डीच्या बाजारात धावू नका, आधी शंभर-दीडशेची केबल बदला.

आणि एक प्रकार असा की पहिली दहा-वीस मिनिटं साफ, मग अटकायला लागतं. यातही दोन सारखी दिसणारी कारणं आहेत. स्वस्त क्यूएलसी प्रकारच्या एसएसडीचा वेगवान कॅश (आलेला डेटा आधी झेलणारा भाग) भरला की लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो, आणि डिस्क जेवढी भरलेली तेवढा कॅश लहान. दुसरं कारण उष्णता. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश बघितलेत. मेअखेरच्या नवतपात खोलीतलीच हवा चाळिशीला टेकलेली असताना ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेली एनव्हीएमई सत्तर-ऐंशीवर सहज जाते आणि जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करते. क्रिस्टलडिस्कइन्फोतलं तापमान बघा. ते जास्त असेल आणि पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा नीट चालत असेल, तर दोनशे-तीनशेचा हीटसिंक लावा. (कूलर सरळ कॅबिनेटकडे वळवून ठेवणारे महाभाग आहेत. ती ओलसर हवा आहे, तसं करू नका.) तापमान ठीक असूनही अटकत असेल तर डिस्कवर वीसेक टक्के जागा मोकळी करून बघा.

इतकं करूनही नवी डिस्क साथ देत नसेल तर काढून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क परत आत लावा आणि फक्त रेकॉर्डिंग तिच्यावर पाठवा. गेम एसएसडीवर, फाइल हार्ड डिस्कवर. सेकंदाला सहा-सात एमबी ती आरामात ओढते. पेनड्राइव्हच्या वाटेला जायचंच असेल तर तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला नाही ना ते बघा. तिथे एका फाइलला ४ जीबीची हद्द आहे, आणि ५० मेगाबिटला ती साडेअकरा मिनिटांत संपते.