रिकामा लॅपटॉप तापतो, कारण त्याची झोपमोड होते

मे महिन्यात आमच्या परळच्या इमारतीत कुणी ना कुणी गरम लॅपटॉप घेऊन दार वाजवतंच. यंदा समोरच्या वहिनी आल्या. "भाऊ, यावर काहीच चालू नाहीये, तरी बूड बघा किती तापलंय! दुकानवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला." मदरबोर्ड गेला नव्हता. माझं लक्ष अडकलं ते "काहीच चालू नाहीये" या शब्दांत.

आधी मुंबईचा वाटा बाजूला काढू. लॅपटॉप आपली उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो, त्यामुळे आतल्या चिपचं, म्हणजे प्रोसेसरचं, तापमान खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतं. एसीच्या 24 अंशांत 45 दाखवणारी चिप 33 अंशांच्या खोलीत तेवढ्याच कामाला साधारण 54 दाखवणार. दमटपणाला मात्र उगाच दोष देतात. दमट हवेत आपला घाम वाळत नाही म्हणून आपण हैराण होतो. लॅपटॉपला घाम येत नाही.

आता खरी गोष्ट. चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. प्रत्येक जण म्हणजे विद्युतभाराची इवलीशी वाटी. ती भरायची, रिकामी करायची, आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. ही उष्णता धारिता (वाटीत किती भार मावतो), व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारिता (सेकंदाला किती वेळा भरणं-रिकामं करणं) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. त्यातला वर्ग महत्त्वाचा. 1.2 व्होल्टवरून 0.7 वर आलात तर 1.44 च्या जागी 0.49 उरतात, उष्णता जवळपास एक तृतीयांश. म्हणून काम कमी झालं की प्रोसेसर वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरवतो.

प्रोसेसरचा वेग ठरवणारं आतलं घड्याळच थांबवलं तर हा खर्च संपतो, पण गळती उरते. ट्रान्झिस्टर बंद असला तरी काही इलेक्ट्रॉन अडथळा ओलांडून जातातच. 1974 मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर चिपच्या तेवढ्याच क्षेत्रफळात उष्णता वाढत नाही. 2005 च्या सुमारास ही वाट अडली, त्यामागचं मोठं कारण ही गळतीच. शिवाय तापमानाबरोबर ती झपाट्याने वाढते. तापलेली चिप जास्त गळते आणि गळते म्हणून आणखी तापते.

गळती थांबवायची तर वीजच तोडायला हवी. फलाटावर उभी असलेली लोकल आठवा. चाकं थांबलेली, पण दिवे-पंखे चालू. ही प्रोसेसरची उथळ झोप. गाढ झोप म्हणजे गाडी कारशेडमध्ये, वरच्या तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ खाली. पण कारशेडला नेण्याआधी सगळे प्रवासी उतरवावे लागतात, आणि पुन्हा फलाटावर यायला वेळ लागतो. प्रोसेसरलाही गाढ झोपेआधी जवळच्या स्मृतीतली माहिती बाहेर ठेवून यावी लागते. पुढची हाक लगेच येणार असा अंदाज असेल, तर तो कारशेडला जातच नाही, फलाटावरच ताटकळतो.

आणि हाका येतच असतात. काही काम आहे का हे पाहायला प्रोसेसरला उठवणारा विंडोजचा नेहमीचा ठोका सेकंदाला 64 वेळा, म्हणजे दर 15.6 मिलिसेकंदांनी पडायचा. एखादा प्रोग्रॅम दर 1 मिलिसेकंदाला ठोका मागू शकतो. म्हणून प्रोसेसर किती वापरला जातोय ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये नुसतं "3 टक्के" पाहून भागत नाही. ते 3 टक्के काम एकगठ्ठा झालं, तर उरलेला वेळ गाढ झोपेला मिळतो. तेच काम हजार तुकड्यांत विखुरलं, तर झोप लागतच नाही. आकडा तोच, उष्णता वेगळी.

इथे एक सांगायलाच हवं. डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून पाच-सहा वेळा 'रिफ्रेश' केल्याने लॅपटॉप थंड होत नाही. त्याने फक्त आयकॉन पुन्हा रेखाटले जातात. 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर उष्णताही शोषत नाहीत. त्यांवर पैसे घालवू नका.

वहिनींच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये एकोणीस टॅब उघडे होते, त्यातल्या एकावर हलती जाहिरात. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची किमान पातळी कुणीतरी 100 टक्के करून ठेवलेली, म्हणजे रिकाम्या वेळीही वेग उतरायला मनाई. ती 5 केली, टॅब मिटले. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर बाहेरचा मॉनिटर काढूनही पाहा. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची जोडणी थेट त्या कार्डाला असते, आणि मॉनिटर लावलेला असेपर्यंत ते जागंच राहतं.

एवढं करूनही पंखा घोंघावत होता. तळ उघडला तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्र्यांवर गादीच्या कापसाचा चक्क नमदा बसलेला. मुलगा गादीवर ठेवूनच सिनेमे बघतो. पंख्याचं पातं बोटाने धरून मऊ ब्रशने तो थर काढला. रात्री वहिनींचा निरोप आला, पंखा गप्प आहे, पण चार्जिंगला लावला की एक कोपरा अजून कोमट लागतो. ती ऊब बॅटरी भरतानाची, ती राहणारच.